धोतर यंत्रापुढे हरलेलं नाही

भुसावळात एप्रिल लागला की उन्हाचं बोलणं निघतं, आणि उन्हाचं निघालं की कपड्यांचं निघतंच. आजोबांचं धोतर आणि बंडी, आजीचं नऊवारी लुगडं यांची आठवण काढली जाते, कौतुक होतं आणि मग ठरलेला निकाल दिला जातो: ते कपडे छान होते, पण आताच्या कामाला चालणारे नव्हते, म्हणून गेले. शिकलीसवरलेली माणसं हा निकाल देतात. फॅशनवरच्या लेखांत तो गृहीतच धरलेला असतो. त्या लेखांप्रमाणे सैल, घोळदार वस्त्राला आज जागा आहे ती लग्नात, सणाला, रॅम्पवर किंवा घरी आराम करताना. कामाच्या ठिकाणी तेवढी नाही.

मला हे मत मुळातच चुकीचं वाटतं. त्याची किंमत आमच्या गावातली माणसं दर उन्हाळ्यात अंगावर सोसतात, म्हणून ते खोडून काढायला हवं.

खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष पूर्ण ताकदीनं मांडावा, ही आपली जुनी शिस्त आहे. या पूर्वपक्षाचा पहिला आधार यंत्र आहे, आणि भुसावळात तो पटकन पटतो, कारण हे गावच यंत्रानं वाढवलं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० च्या दशकात इथं पोहोचली, जंक्शन झालं, लोकोशेड आलं. पुढं आयुध निर्माणी आली, वरणगावला दुसरी निर्माणी आली, दीपनगरला औष्णिक वीजकेंद्र उभं राहिलं. फिरत्या पट्ट्याजवळ धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर लोंबत असेल तर तो माणसालाच आत ओढतो. यात खोटं काही नाही.

दुसरा आधार धुण्याचा. पाच वार पांढरं सुती धोतर रोज धुवायचं, नीळ घालायची, खळ द्यायची, आणि हे सगळं करणारे हात बहुतेक वेळा बायकांचे. साठ-सत्तरच्या दशकांत टेरिलिन आणि टेरिकॉट आलं, धुऊन झटकलं की सुरकुती नाही, आणि घराघरातल्या बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. धोतराच्या आठवणीनं गहिवरणाऱ्या पुरुषांनी हा भाग विसरू नये.

तिसरा आधार सगळ्यांत वजनदार. नेसण्याच्या कपड्यात जात दिसत असे. धोतर गुडघ्यावर की घोट्यापर्यंत, पागोटं कुठल्या बांधणीचं, काष्टा कसा, यावरून समोरचा माणूस तुमची पायरी ठरवून मोकळा होत असे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे भाषण केलं. लुगडं नेसण्याची जुनी पद्धत सोडा, असं त्यांनी सांगितलं, कारण त्या नेसणीवरूनच अस्पृश्यता ओळखली जात होती. शर्ट-पँटीनं ही ओळख पुसली. ज्याच्या बापानं आखूड पंचा नेसून वेशीबाहेर उभं राहण्याचे दिवस काढले, त्याला पँट ही मुक्ती वाटली असेल, तर त्याला नावं ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

हा झाला पूर्वपक्ष. आता एकेक आधार तपासू, आणि यंत्रापासूनच सुरुवात करू.

कारखान्यांविषयीचा, २०२५ पर्यंत लागू असलेला १९४८ चा कायदा उघडून पाहावा. त्याचं कलम २२ चालू यंत्राजवळच्या कामाबद्दल होतं. यंत्र फिरत असताना त्याची तपासणी करायची, वंगण घालायचं किंवा पट्टा बसवायचा असेल, तर ते काम खास प्रशिक्षण घेतलेल्या प्रौढ पुरुष कामगारानंच करावं, त्याच्या अंगावर घट्ट बसणारे कपडे असावेत, आणि ते कपडे मालकानं पुरवावेत, असं ते कलम सांगत होतं. घट्ट कपड्याची सक्ती कायद्यानं किती जणांवर केली, हे इथं पाहण्यासारखं आहे. ज्याचा हात फिरत्या यंत्रापर्यंत जातो त्याच्यावर, आणि हात तिथं असेल तेवढ्या वेळापुरती. त्याच कारखान्यात हजेरी लिहिणारा कारकून, भांडारपाल, फाटकावरचा टिपणीस यांच्या कपड्याविषयी या कलमाला काही म्हणायचं नव्हतं. शाळेतले मास्तर, बँकेतले रोखपाल, तलाठी आणि विमा एजंट तर यंत्राच्या आसपासही नसतात. तरी घट्ट कपडा सगळ्यांच्या अंगावर आला. यंत्राच्या धोक्यातून तो आला असता, तर ज्याला धोका होता त्याच्यापाशीच थांबला असता.

दुसरा नियम याहून बोलका आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम क्रमांक १२३. दुचाकीच्या मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारं आवरण असलंच पाहिजे, म्हणजे मागं बसलेल्या माणसाचे कपडे चाकात अडकणार नाहीत. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. भुसावळच्या कुठल्याही दुचाकीला ते लावलेलं दिसेल. इथं कपडा यंत्रात अडकण्याचा धोका खराच होता, रोजचा होता, आणि अपघात होतही होते. पण कुणी बायांना साडी सोडायला सांगितलं नाही. यंत्रालाच जाळी लावायला सांगितलं. सैल वस्त्र आणि यंत्र समोरासमोर आले की दर वेळी वस्त्रानंच माघार घ्यायची असते, ही समजूत या एका नियमानं कोसळते. कोण बदलणार हे समाज ठरवतो. साडीच्या मागं कोट्यवधी बाया ठाम उभ्या होत्या, म्हणून वाहन बदललं. धोतराच्या मागं त्या वेळी उभं राहायला कुणी तयार नव्हतं.

इतिहासही पूर्वपक्षाच्या बाजूनं साक्ष देत नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांच्या पहिल्या पिढ्या धोतर वर खोचून उभ्या होत्या. रीळ आणि वाइंडिंग खात्यांतल्या बाया काष्ट्याच्या लुगड्यात होत्या. छापखाने, वृत्तपत्रं, शाळा, पतपेढ्या या आधुनिक महाराष्ट्राच्या संस्था ज्यांनी उभ्या केल्या, त्यांच्या अंगावर अंगरखा, उपरणं आणि धोतर होतं. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’ चालवला तो याच पोशाखात.

आणि लुगड्याचं काय झालं ते पाहा, कारण मला सगळ्यांत पक्का पुरावा तिथंच दिसतो. नऊवारी लुगड्याला काष्टा असतो. दोन्ही पाय मोकळे राहतात, वाकता येतं, बांधावरून उडी मारता येते, डोक्यावर भारा घेऊन भराभर चालता येतं. आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींनी आयुष्यभर शेत आणि घर या दोन्हींचं काम केलं ते याच लुगड्यात. उलट पाचवारी गोल साडी परकराच्या नाडीत खोचावी लागते, पायात घोळते, मोठं पाऊल टाकू देत नाही. कामाला सोयीचं तेच टिकतं, हा सिद्धान्त खरा असता तर नऊवारी राहिली असती आणि पाचवारी गेली असती. झालं उलटं. शिकलेली, शहरातली, पुढारलेली बाई म्हणजे पाचवारी, असं ठरलं. महायुद्धाच्या काळात कापडाची टंचाई झाली, चार वार कापड वाचणं हेही कारण त्यात मिसळलं. पण मूळ ओढ प्रतिष्ठेची होती. जास्त मोकळं वस्त्र गेलं, कमी मोकळं आलं, आणि त्याला आपण आधुनिकता म्हटलं. आता लग्नात ‘शिवलेली नऊवारी’ मिळते. निऱ्या शिवून पक्क्या केलेल्या, पाय घालून चढवायची, नाडी ओढायची. ती घालून मुली आनंदानं नाचतात, त्याचा मलाही आनंद आहे. मात्र जे वस्त्र नेसणारीच्या बांध्याप्रमाणे आणि कामाप्रमाणे रोज नव्यानं बसत असे, ते आता एका मापात शिवलं गेलं आणि वर्षातून एका दिवसाचं झालं.

आता ऊन. पूर्वपक्ष याला मनोरंजक तपशील समजून बाजूला ठेवतो. भुसावळकराला तो बाजूला ठेवता येत नाही.

हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे मैदानी भागात पारा प्रत्यक्ष ४५ अंशांवर गेला की उष्णतेची लाट मानली जाते. मे महिन्यात भुसावळ-जळगावला हा आकडा नवा नाही. माणसाची त्वचा साधारण ३५ अंशांवर असते. बाहेरची हवाच त्याहून तापलेली असेल तर अंगातली उष्णता हवेत सोडण्याचा मार्ग बंद होतो, उलट हवाच अंग तापवते. सूर्याची किरणं वरून तापवतात, डांबरी रस्ता खालून. उष्णता बाहेर काढायचा एकच मार्ग उरतो: घाम, आणि तो वाळणं. घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. त्यासाठी अंगाजवळची हवा हलती हवी.

नेगेव्हच्या वाळवंटात बेदुइन टोळ्या कडक उन्हात काळे, घोळदार झगे घालतात. काळा रंग तर उष्णता शोषतो, मग हे असं का, हा प्रश्न चार शास्त्रज्ञांनी मोजमाप करून तपासला आणि १९८० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात उत्तर दिलं. काळा झगा पांढऱ्या झग्यापेक्षा जास्त तापतो हे खरं, पण अंगापर्यंत पोहोचणारी उष्णता दोन्हींत सारखीच भरली. कापडानं घेतलेली जास्तीची उष्णता त्वचेला लागण्याआधीच निघून जात होती, कारण झगा सैल होता. चालताना तो भात्यासारखा हवा आत-बाहेर करतो, आणि आतली तापलेली हवा वर चढून गळ्यापाशी बाहेर पडते. रंगाच्या वादात अडकलेल्यांना त्या प्रयोगानं कपड्याच्या बेताकडे पाहायला लावलं.

खान्देशचा उन्हाळा या बाबतीत त्या वाळवंटाशी नातं सांगतो. दुपारची हवा इतकी कोरडी असते की ओला पंचा दोरीवर टाकावा आणि थोड्या वेळात काढावा. कोकणात हे गणित इतकं नेटकं जुळत नाही. तिथं हवेतच ओल असल्यामुळे घाम वाळायला वेळ लागतो. म्हणून हा युक्तिवाद मी सगळ्या महाराष्ट्राच्या नावानं करत नाही, तापीकाठच्या नावानं करतो. इथं पूर्ण बाह्यांचा, सैल, सुती सदरा आणि घेरदार लेंगा अंगावर सावली धरतो आणि खालून वारा खेळवतो. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत पाणी धरणारा शेतकरी अजूनही डोक्याला रुमाल बांधून अशाच कपड्यात दिसतो. अर्ध्या बाह्यांचा पॉलिस्टर शर्ट आणि मांडीला चिकटलेली पँट नेमकी याच्या उलट वागते. तापलेलं कापड थेट कातडीला टेकतं, घाम कापडात मुरतो, पट्ट्याखाली आणि जांघेत घामोळं धरतं. आमच्या गावातल्या औषधाच्या दुकानांत मे महिन्यात पावडरीचे डबे पुढच्या फळीवर येतात ते उगाच नाही.

खान्देशला हे ज्ञान बाहेरून आणायची गरज नव्हती. कापूस इथला. बऱ्हाणपूर रेल्वेनं हाकेच्या अंतरावर. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हर्निए तिथल्या झिरझिरीत पांढऱ्या कापडाचं वर्णन करून गेला, आणि ते इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जातं असं त्यानं नोंदवलं. पुढं जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव इथं गिरण्या निघाल्या. उन्हाचा प्रांत, कापसाचा प्रांत आणि सुताचा प्रांत एकच असताना तिथल्या माणसानं उन्हाळ्यात प्लास्टिकच्या धाग्याचा घट्ट कपडा घालावा, हे अटळ होतं असं मला कुणी सांगू नये.

मग हे झालं कसं? माझ्या मते उत्तर हुद्द्यात आहे. साहेबाचा कपडा तो अधिकाराचा कपडा, हे इंग्रजी राजवटीत ठरलं, आणि स्वातंत्र्यानंतर ते परिपत्रकांत उतरलं. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनानं आपल्या कर्मचाऱ्यांच्या पोशाखाबद्दल परिपत्रक काढलं. स्त्रियांसाठी साडी, सलवार, चुडीदार-कुर्ता, पँट-शर्ट असे पर्याय दिले. पुरुषांसाठी शर्ट आणि पँट. शुक्रवारी खादी वापरावी असंही त्यात होतं. म्हणजे गांधीजींचं कापड चालतं, पण ज्या बेतात ते घातलं जाई त्या बेताचं नाव नाही. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठी सूचना आल्या, त्यात पुरुष शिक्षकांनी शर्ट पँटीत खोचलेला असावा असं म्हटलं. एप्रिलच्या भुसावळात पत्र्याच्या वर्गखोलीत उभा असलेला शिक्षक आणि खोचलेला शर्ट! वारा जिथून आत शिरणार ती एकमेव वाट पट्ट्यानं आवळून बंद.

आता याच राज्यात सैल वस्त्र कोण बिनदिक्कत घालतं ते पाहावं. आमदार-खासदार सदरा-लेंग्यात विधानभवनात जातात, विमानात बसतात, कारखान्यांची उद्घाटनं करतात. न्यायाधीश आणि वकील घोळदार झगा चढवतात. बार कौन्सिलच्या पोशाख-नियमांत वकिलाला पँटीऐवजी धोतराचीही मुभा आहे. कीर्तनकार, मौलवी, भटजी आपापल्या सैल वस्त्रांत आहेत. तळाला शेतकरी आणि हमाल आहेत. म्हणजे सैल कपडा वरच्यालाही चालतो आणि खालच्यालाही. मना आहे तो मधल्या पगारदाराला, ज्याला आपण कुणाच्या तरी हाताखाली आहोत हे कपड्यानं दाखवत राहावं लागतं. यात यंत्र कुठं आलं आणि कामाचा वेग कुठं आला?

परदेशी उदाहरणं याच बाजूनं बोलतात. युरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत हिंदुस्थानी छिटाचे सैल झगे पुरुषांत इतके मानाचे होते की विद्वान मंडळी स्वतःची तैलचित्रं त्या झग्यात काढून घेत. मोकळ्या अंगानं बुद्धी मोकळी चालते अशी समजूत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या पॉल प्वारेनं बायकांची आवळलेली कंबर सोडवली ती पूर्वेच्या झग्यांचे बेत घेऊन, आणि आधुनिक फॅशनचा इतिहास त्याला मान देतो. जपान सरकारनं २००५ पासून उन्हाळ्यात टाय आणि कोट उतरवायला कचेऱ्यांना सांगितलं, वातानुकूलन २८ अंशांवर ठेवायला सांगितलं. तमिळनाडूत २०१४ मध्ये वेष्टी, म्हणजे तिथलं धोतर, नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनाच एका क्लबनं आत सोडलं नाही, तेव्हा त्याच वर्षी विधानसभेनं कायदा करून असली बंदी रद्द केली. तिथं धोतर कामाला चालतं की नाही हा वादच नव्हता. मान कुणाला द्यायचा, हा होता.

जातीच्या आक्षेपाला उत्तर देताना आवाज खाली आणावा लागतो. तरी एक गोष्ट नोंदवतो. बाबासाहेबांनी महाडला लुगडं टाकून द्यायला सांगितलं नाही. नेसण बदलायला सांगितलं. त्यांचा रोख खुणेवर होता. धोतर आणि पागोट्यात ती खूण होती, म्हणून जुन्या पोशाखाची जशीच्या तशी पुनःस्थापना कुणी मागू नये, मीही मागत नाही. लेंगा आणि सदरा मात्र वेगळे. रावेरचा शेतकरी, मालेगावचा विणकर, बुद्धविहारात पांढऱ्या कपड्यांत येणारा उपासक आणि निवृत्त रेल्वे गार्ड, चौघांच्याही अंगावर तोच बेत असतो, आणि त्यावरून कुणाची जात सांगता येत नाही. धुण्याचा आक्षेप त्यानं बराचसा मिटतो: रंगीत सुती सदरा, नीळ नाही, खळ नाही, आणि धुण्याचं यंत्र घरात आलेलं आहे. ते चालवायला पुरुषानं शिकावं एवढंच बाकी.

राहिली फॅशन. सैल वस्त्र पुन्हा ‘येतंय’ असं जे म्हणतात, त्यांनी भुसावळच्या कुठल्याही गल्लीत सकाळी फिरून यावं. ते गेलंच नव्हतं. बायांनी त्याला गाऊन नाव दिलं. खांद्यापासून घोट्यापर्यंत एकसंध, सुती, कमरेला कुठं आवळलेला नाही. तो घालून त्या एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर कुरडया घालतात, पापड आणि बिबडे वाळवतात, पाण्याचे हंडे भरतात, भाजीवाल्याशी भाव करतात. आपल्या भागातलं सगळ्यांत कष्टाचं घरकाम भर उन्हात याच झग्यात होतं, आणि तरी सैल कपडा आरामाचा म्हणून ओळखला जातो. दारात कुणी आलं की बाई घाईनं खांद्यावर ओढणी टाकते. २०१४ मध्ये नवी मुंबईतल्या एका गावात दिवसा गाऊन घालून फिरणाऱ्या बाईला ५०० रुपये दंड ठरवला गेला होता. फॅशनचे अभ्यासक काफ्तान आणि मॅक्सी ड्रेसवर पानं लिहितात, गाऊनवर ओळही नाही. बायांनी स्वतः शोधलेला, स्वतः निवडलेला, लाखो अंगांवर कसोटीला उतरलेला हा पोशाख आहे. बरं कापड, नीट शिवलेला गळा आणि दोन खोल खिसे एवढं दिलं, तर तो ओढणीशिवाय बाजारात जायला लायक आहे, आणि कुणाच्या परवानगीची त्याला गरज पडू नये.

पुरुषांसाठी मागणी याहून सोपी, कारण तिथं अडथळा कागदाचा आहे. चालू यंत्राजवळ घट्ट कपडा राहावा. १९४८ चा कायदा बरोबर होता आणि तो मालकानं पुरवावा हेही बरोबर होतं. बाकी शाळा, तहसील, पंचायत समिती, बँका, सहकारी संस्था यांच्या पोशाखाच्या सूचनांत मार्च ते जूनसाठी ‘सुती सदरा-लेंगा’ हे शब्द पुरुषांच्या ओळीत लिहावेत, आणि शर्ट खोचण्याची अट त्या महिन्यांत काढावी. पर्याय ठेवावा, सक्ती नको. ज्याला पँट हवी त्यानं ती घालावी. भुसावळच्या शिंप्यांना लेंगा शिवता येतो. कमरेला नाडीऐवजी पट्टी, बाजूला खिसे, घोट्यापाशी थोडा आटोपता घेर, म्हणजे दुचाकीवरही तो अडचण करत नाही. शिक्षक संघटना पगार आणि बदल्यांवर निवेदनं देतात. पुढच्या मार्चच्या आत या दोन शब्दांसाठीही त्यांनी एक द्यावं.